जोडून आलेली येळवस

लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत मार्गशीर्ष अमावास्येला, म्हणजेच वेळ अमावास्येला (आमच्या बोलीत येळवशीला), जिल्हाधिकारी स्थानिक सुट्टी जाहीर करतात, ही गोष्ट पुण्यातल्या महाविद्यालयात पटवून देणे कोणत्याही तोंडी परीक्षेपेक्षा अवघड आहे. 2024 साली ही अमावास्या 30 डिसेंबरला आली आणि तो सोमवार निघाला, तेव्हा शनिवार-रविवारला जोडून एक दिवसाची रजा मागायला मी प्रकल्पाच्या मार्गदर्शक सरांपुढे उभा राहिलो. अर्जातले कारण वाचून सर गंभीर झाले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "अमावास्येला प्रवास कशाला करतोस? घरी काही बरेवाईट झाले आहे का?" ज्या तिथीला बाकीचे लोक नवी गाडीसुद्धा घरी आणत नाहीत, त्या तिथीला आमच्याकडची गावेच्या गावे घरांना कुलपे लावून शेतात जेवायला जातात, हे मी त्यांना समजावून सांगितले. रजा मिळाली, मात्र माझ्याविषयी त्यांना तेव्हापासून जी काळजी वाटू लागली, ती अजून गेलेली नाही.

माझा बेत साधा होता. शनिवारी झोपायचे, रविवारी प्रकल्पाच्या अहवालाचे राहिलेले लेखन उरकायचे, सोमवारी शेतात जाऊन थोडे खायचे आणि रात्रीच्या गाडीने परतायचे. हा बेत मी वसतिगृहात बसून केला होता आणि घरातल्या कोणाचेही मत त्यात घेतलेले नव्हते, यावरूनच त्याचे पुढे काय झाले असेल, हे जाणकारांच्या लक्षात येईल. आमच्या घरात नकार देण्याचा अधिकार कायम मुक्कामी असलेल्या माणसाला असतो. दोन-तीन दिवसांसाठी आलेल्याला तो नसतो. माझा धाकटा भाऊ लातूरला 'नीट'ची तयारी करतो. त्याने "माझा क्लास आहे" असे म्हटले की आज्जीसुद्धा आवाज न करता उठून जाते. मी पुण्याहून आलेला असल्यामुळे रिकामा आहे, हे सर्वांनी गृहीत धरलेले असते. शिवाय महाराष्ट्रातली पोरे शिकण्यासाठी लातूर गाठतात आणि हा मात्र लातूर सोडून पुण्याला गेला, हे शल्य काका दर भेटीत एकदा तरी बोलून दाखवतात. तेव्हा त्यांची कामे करून देणे हा त्या अपराधाचा दंडच समजायचा.

शनिवारी सकाळी पाठीवरची पिशवी खाली ठेवतो न ठेवतो, तोच ओसरीवर माणसे जमू लागली. रब्बीची ई-पीक पाहणी चालू होती. पेरलेल्या पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवरून करायची सोय 2021 साली झाली, आणि तेव्हापासून आमच्या गल्लीतले कितीतरी शेतकरी ती स्वतः करण्यासाठी माझी वाट पाहत असतात. नोंद घरी बसून होत नाही. शेतात उभे राहून पिकाचा फोटो काढावा लागतो, म्हणून ज्याचे शेत जिकडे, तिकडे त्याच्या मोटारसायकलवर मागे बसून मला जावे लागले. हरभऱ्यात उभे राहिले की रेंज जायची, बांधावर आले की रेंज यायची आणि हरभरा फोटोतून जायचा. एका आजोबांचा ओटीपी त्यांच्या जावयाच्या मोबाइलवर येत होता आणि जावई भिवंडीत कामावर होते. त्यांनी ओटीपी सांगण्याआधी माझे शिक्षण कितवे वर्ष चालू आहे, कंपन्या कधी येतात आणि पॅकेज काय मिळेल, याची सविस्तर चौकशी केली. ती संपेपर्यंत ओटीपीची मुदत संपली होती. "मला अहवाल लिहायचा आहे" असे मी संध्याकाळच्या सुमारास एकदा म्हणून पाहिले. त्यावर आजोबा म्हणाले, "तुझ्या बारशाला पाळण्याची दोरी म्या वढलीय." या कागदपत्राला तोड नव्हती.

रविवार भज्जीचा होता. ज्यांना येळवस ठाऊक नाही, त्यांनी या भज्जीची सांगड कांदाभज्यांशी घालू नये. तुरीचे ओले दाणे, हरभऱ्याचे सोलाणे, वालाच्या शेंगा, वाटाणा, मेथी, पालक, चुका, कांद्याची पात, गाजर, हिरवी चिंच असे त्या मोसमात रानात जे जे हिरवे असेल ते एकत्र शिजवून त्याला ताक आणि बेसन लावले की ती होते, आणि बाजरीच्या उकडलेल्या उंड्यांबरोबर ती खातात. ती खायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या अनेक पटींनी सोलायला लागतो, आणि सोलणारे हात त्या दिवशी घरात कधीच पुरत नाहीत. मी लॅपटॉप उघडून बसलो होतो. आज्जीने शेंगांची पाटी त्याच्या शेजारी आणून ठेवली आणि म्हणाली, "ते लिव्हणं मागनं हुतंय. तुरीचे दाणे मागनं हुत न्हाईत." विधानात तार्किक दोष सापडेना, म्हणून मी लॅपटॉप मिटला.

भज्जीत काय घालावे, याबद्दल आमच्या घरात एकमत कधीच नसते. काकू उदगीरकडच्या आणि आत्या तुळजापूरला दिलेली. गाजराने भज्जी गोडसर होते असे आत्याचे म्हणणे आणि गाजराशिवाय ती दिसायला रोगट दिसते असे काकूंचे. निवाडा करायला तटस्थ माणूस हवा, म्हणून मला बोलावले गेले. दोन्ही बाजू बरोबर आहेत असे मी म्हणालो. हे उत्तर सुरक्षित असेल अशी माझी समजूत होती, परंतु दोघींनीही त्याचा अर्थ मी नीट चव घेतली नाही असा लावला आणि पुढे चूल विझेपर्यंत दर थोड्या वेळाने माझ्यापुढे दोन वाट्या येत राहिल्या.

कोपीचे, म्हणजे शेतात पूजेसाठी उभारायच्या खोपीचे, काम त्यामानाने सोपे होते, पण त्यातही एक गुंता निघाला. कोप कडब्याच्या पेंढ्यांची करावी लागते आणि सोयाबीन आल्यापासून आमच्याकडे ज्वारीचा पेरा इतका घटला आहे की कोपीपुरता कडबासुद्धा पुष्कळांना मागून आणावा लागतो. काकांनी शेजारच्या मळ्यातून पाच पेंढ्या आणल्या. देणाऱ्याने पैसे घेतले नाहीत. "उद्या पोराला आमच्याकडं जेवायला लावून द्या, झालं," एवढेच तो म्हणाला, आणि काकांनी मला न विचारता होकार दिला. कडब्याची किंमत माझ्या पोटातून वसूल होणार होती.

सोमवारी सकाळी गाव रिकामे झाले. पूर्वी घरातली बाई आंबिलीचे बिंदगे, म्हणजे छोटे मडके, डोक्यावर घेऊन पायी जात असे. आता ते बिंदगे मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसते, आणि मध्ये बसलेल्या आंबिलीला धक्का लागू नये म्हणून चालवणाऱ्याला जो संयम पाळावा लागतो, तो एरवी आमच्या रस्त्यांवर कोणी पाळत नाही. कोपीत चुन्याने रंगवलेले पाच दगड, म्हणजे पाच पांडव, मांडून पूजा झाली. आंबील शिंपडत शेताला फेरी झाली आणि पंगत बसली. भज्जी, उंडे, गव्हाची खीर, धपाटे, शेंगापोळी, तिळाची पोळी, आणि वर ज्वारीचे पीठ आंबवून ताकात कालवलेली, लसणाची आंबील. मी आमच्या शेतात पोटभर जेवलो. इथपर्यंतच्या घटनाक्रमाबद्दल माझी काहीही तक्रार नाही.

खरा प्रश्न डांबरी रस्त्यापर्यंत चालत जाण्याचा होता. एरवी ते अंतर कोणाच्या लक्षातही येत नाही. येळवशीला मात्र वाटेतल्या प्रत्येक शेताच्या बांधावर एक माणूस उभा असतो आणि दिसेल त्याला हाक मारतो. ज्याला शेत नाही, जो बदली होऊन आलेला आहे, जो नुसताच वाट चुकलेला आहे, त्या सगळ्यांना त्या दिवशी हाक असते, आणि ही फार मोठी गोष्ट आहे हे मी मनापासून मानतो. माझे म्हणणे एवढेच आहे की जो नुकताच जेवून उठला आहे, त्याला वगळण्याची काहीतरी तरतूद असावी.

"आत्ताच जेवलो" असे म्हणून मी सुरुवात केली. "म्हंजी तिथं गोड लागलं अन् आमचं कडू हाय का?" असे उत्तर आले. पुढच्या शेतात मी पोट बिघडल्याचे सांगितले, तर तिथल्या मावशींनी पोटाला आंबीलच चांगली म्हणून मोठा पेला भरला. त्यापुढच्या शेतात मी "फक्त आंबील घेतो" असे म्हणालो, कारण पातळ पदार्थाला पोटात जागा कमी लागते असा माझा अंदाज होता. तिथे आंबील आली, आणि नुसती आंबील पाहुण्याला कशी द्यायची म्हणून तिच्याबरोबर ताटही आले. पेल्यातली आंबील नजर चुकवून ओतून देण्याचा विचार माझ्या मनात आला नाही असे नाही. पण 2016 साली ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्याच्या जवळच्या शिवारात कोणी हातातला पेला जमिनीवर रिकामा करताना दिसला, तर शेतमालकाच्या आधी माझ्या आज्जीनेच माझी वाट अडवली असती. तिला हे दोन शेते पलीकडून दिसते.

सर्वांत बिकट जागा दोन सख्ख्या भावांच्या शेतांमधली होती. त्यांचा बांधावरून वाद आहे आणि तो तालुक्याच्या ठिकाणी बराच काळ चालू आहे. कडबा थोरल्या भावाने दिला होता, त्यामुळे तिथे जेवणे भागच होते. तिथून उठलो तर धाकटा भाऊ बांधाच्या बरोबर त्याच्या बाजूला उभा. "त्याच्याकडं किती उंडे खाल्लास?" असा त्याने थेट प्रश्न केला. खरा आकडा सांगितला तर तेवढे इथेही खावे लागणार आणि कमी सांगितला तर थोरल्याचा अपमान होणार, आणि थोरला तर मागे उभा राहून ऐकतच होता. मी खरा आकडा सांगितला. धाकट्याने तितकेच वाढले आणि वर एक जास्तीचा ठेवला. पलीकडून थोरल्याने हे पाहिले आणि मला परत हाक मारली. हद्दीचा निकाल कधी लागेल ते लागो, त्या दिवशी तो माझ्या पोटावरून आखला जात होता.

शेवटच्या कोपीत माझे शाळेतले गणिताचे सर भेटले. त्यांना स्वतःचे शेत नाही, तेही आमंत्रित होते आणि त्यांचाही चेहरा माझ्यासारखाच झालेला होता. लातूरहून गाडीने आलेली काही मंडळी कोपीपुढे फोटो काढत होती. ती एकाच शेतात जेवून निघून जातात आणि येळवस किती छान असते, असे वर्षभर सांगत राहतात. मी आंब्याखाली आडवा झालो. जरा डोळा लागला असेल, तेवढ्यात कोणीतरी हरभऱ्याचा हुळा भाजला आणि तो गरम आहे तोवरच खावा, या सद्भावनेने मला हलवून उठवले.

दिवस मावळताना हेंडगा पेटवतात, म्हणजे जळती पेंढी घेऊन पिकाभोवती फिरतात. ती लवकर जळते, म्हणून पळावे लागते. तरणा पोरगा म्हणून पेंढी माझ्या हातात देण्यात आली. "आज नको" असे मी म्हणालो असेन, पण तोवर माझे नकार ऐकण्याची कोणाला सवय राहिली नव्हती. त्या जेवणानंतर गव्हाच्या कडेने मी जो पळालो, त्याला पळणे म्हणावे की नाही, याबद्दल घरात दोन मते आहेत.

रात्री लातूरच्या स्थानकातून पुण्याची एसटी धरली. आईने दिलेल्या पिशवीत उंडे, बरणीत भज्जी आणि खोलीतल्या मित्रांसाठी शेंगापोळ्यांची चळत होती. आता तरी कोणी वाढणार नाही, या समाधानात मी खिडकीला डोके टेकले. शेजारी निलंग्याकडचे एक आजोबा होते. गाडी मुरूडला पोहोचण्याआधीच त्यांनी मांडीवर फडके सोडले, आणि तिळाची पोळी माझ्यापुढे धरून म्हणाले, "घे लेकरा. सुनेनं लई दिल्यात."

नकाराचे सगळे प्रकार मी सकाळपासून वापरून संपवले होते. मी पोळी घेतली, पिशवीतून उंड्यांचा डबा काढला आणि तो त्यांच्यापुढे धरला. आजोबा म्हणाले, "न्हाई रं, दिवसभर खाऊन पोट फुटायलंय." मी म्हणालो, "असं कसं आजोबा, येळवशीचं हाय, एक तरी घ्याच." ते म्हणाले, "दात न्हाईत." मी म्हणालो, "मऊ हायत." त्यांनी नाइलाजाने उंडा घेतला तेव्हा मी बरणीचे झाकणही उघडले, कारण नुसता उंडा कोणाला द्यायचा नसतो. मग आजोबांनी दुसरी पोळी काढली. असे दोन्ही बाजूंनी चालले असता वाहक तिकिटे विचारत आमच्या बाकापाशी आला, आणि आम्ही दोघांनी एकदमच त्याच्याकडे पाहिले.