भातावर तेल आणि मटणानंतर बिनदुधाचा चहा

रविवारी संध्याकाळी कट्ट्यावर ठिणगी पडली ती पुणेकराच्या एका वाक्याने. "काही लोकांच्या घरी भातावर तूप नाही, तेल ओततात. तेही चमच्याने नाही, पळीने!"

नागपूरकर शेंगा सोलत होता. त्याने शेंगा बाजूला ठेवल्या. म्हणजे चर्चा लांबणार.

(आमच्या कट्ट्यावर माणसं गावाच्या नावाने ओळखली जातात, खरी नावं घरी. त्या दिवशी हजर होते पुणेकर, नागपूरकर, जळगावकर, कोल्हापूरकर, अलिबागकर आणि केटरिंगची कामं घेणारी ताई. लिहून घ्यायचं काम नेहमीप्रमाणे माझ्याकडे.)

"त्याला वडाभात म्हणतात," नागपूरकर म्हणाला. "आणि तेल ओतायला कारण आहे. आधी वडा समजून घे. हरभरा डाळ सगळ्यात जास्त, मग तूर, मूग, थोडी उडीद, कुणी मूठभर मटकीही टाकतं. चार-पाच तास भिजवायचं, पाणी निथळून काढायचं आणि जाडसर वाटायचं. वाटताना पाणी नाही. इथेच लोक चुकतात. मिक्सर अडतो म्हणून पाणी घालतात, मग पीठ सैल होतं आणि वडा तेल पितो. आणि गंधासारखं बारीक वाटलं तर वडा आतून गच्च. तो भातात कुस्करलाच जात नाही."

"बरं, पण तेल का?"

"आता बघ. भात मोकळा, म्हणजे कोरडा. वर कुस्करलेला वडा, तोही कोरडा. घशाखाली उतरायला काहीतरी हवं. वरण घातलं तर वड्याचा दोन मिनिटांत लगदा होतो. तेल घातलं तर वडा कुरकुरीत राहतो आणि भात सुटतो. तेही साधं तेल नव्हे, फोडणीचं. मोहरी तडतडली की सुक्या मिरच्या, हिंग, आणि खाली उतरवायचं. मिरची काळी पडली तर सगळं तेल कडू. बाजूला वाटीत ताकाची कढी, ती मधून मधून भुरकायची."

"मग पाहुण्यांना ते तेलकट का लागतं?"

"कारण पाहुणा शिष्टाचार पाळत बसतो. सगळ्यांची ताटं वाढून होईपर्यंत हात आखडून. तोवर तेल निवतं, भात निवतो आणि तेल भाताबाहेर येऊन ताटभर पसरतं. वडाभाताला थांबायचं नसतं. तेल पडलं की कालवायचं."

जळगावकर इतका वेळ गप्प होता. तो हळूच म्हणाला, "तुम्ही निदान तापवता तरी. खानदेशात खिचडीवर कच्चं तेल घेतात."

पुणेकराने कपाळाला हात लावला.

"अरे पण कुठलं तेल, ते तर विचार. घाण्याचं शेंगदाणा तेल. त्याला जो वास असतो तो तापवलं की निम्मा उडून जातो. म्हणून खिचडीवर, ठेच्यावर, पिठल्यावर ते कच्चंच. आता लोक तीच सवय ठेवून पिशवीतलं रिफाइंड तेल घेतात. त्याला ना वास ना चव, नुसती जीभ बुळबुळीत. मग पाहुणा घरी जाऊन सांगतो की खानदेशी लोक तेल पितात. चूक रीतीची नाही, पिशवीची आहे."

हे मात्र सगळ्यांना पटलं. पुणेकरालाही, पण त्याने तसं दाखवलं नाही. तो दुसऱ्या मुद्द्यावर गेला. "तुमची ती बट्टी. पाहुण्याला ताटात तळलेले दगड देतात आणि वर म्हणतात, कुस्करा."

"दगड असेल तर करणाऱ्याचं चुकलंय," जळगावकर म्हणाला. "गहू रवाळ दळायचा. चार वाट्या गव्हाला एक वाटी मक्याचं जाडसर पीठ. ओवा, जिरं, हळद, मीठ, तेलाचं मोहन. पीठ घट्ट भिजवायचं, गोळे करून उकडायचे किंवा वाफवायचे. आता खरी गोम. ते पूर्ण गार होऊ द्यायचे, मगच कापायचे आणि तळायचे. गरम कापले तर सुरीला चिकटतात, कडा तुटतात आणि तळताना चुरा होतो. मोहन कमी पडलं की मात्र तुझा दगड. ताटात बट्टी हाताने चुरायची, वर तुरीचं घट्टसर वरण, वर तूप. बाजूला वांग्याची घोटलेली भाजी. वाढणारे वाट्याच्या वाट्या तूप घालत सुटतात हे खरं आहे, कारण कोरडी बट्टी वरण शोषते आणि पुन्हा कोरडी होते. पहिल्या घासाला पुरेसं वाटलेलं तूप पाचव्या घासाला नसतं."

"म्हणजे तुम्हा लोकांच्या प्रत्येक विचित्रपणाला कारण आहे तर," पुणेकर.

"आहेच. भरीत घे. हिवाळ्यात शेतात भरिताला बोलावतात आणि पाहुण्यालाच कामाला लावतात, ही तुझी पुढची तक्रार असणार. जळगावच्या भरताच्या वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालंय, फिकट हिरवं, मोठं, कमी बियांचं. ते गॅसवर एकेक भाजलं तर दहा माणसांना रात्र होईल. म्हणून कपाशीच्या नाही तर तुरीच्या काड्यांचा जाळ करून एकदम ढिगाने भाजतात. आधी वांग्याला टोचे मारायचे, नाही तर फुटून अंगावर येतं. भाजलं की गरम असतानाच सोलायचं. आणि हे काम चार हातांचं आहे, म्हणून पाहुणा सोलायला बसतो. काळी सालं राहिली म्हणून वांगं पाण्याखाली धरणारा पाहुणा मात्र परत बोलावला जात नाही. धुरकट चव सगळी पाण्याबरोबर जाते. मग ठेचलेली मिरची-लसूण, कांद्याची पात, अख्खे शेंगदाणे. सोबत कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारी चार भाग, अख्खे उडीद एक भाग आणि मीठ, एकत्र दळलेलं."

कोल्हापूरकराचं लक्ष मघापासून घड्याळाकडे होतं, पण जेवणाच्या गप्पांत त्याला राहवलं नाही. "आमच्याकडे पाहुणा एका गोष्टीला फसतो. पांढरा रस्सा आला की त्याला वाटतं हे सूप, एकच वाटी मिळणार. तो पुरवून पुरवून पितो. मटण मात्र मागत राहतो. खरं उलटं आहे. मटण मोजलेलं असतं, रस्सा मोजलेला नसतो."

ताईने मान डोलावली. "माणशी पाव किलोच्या आत कच्चं मटण धरतात. किलोत चार-पाच माणसं. पण रस्सा वाढवता येतो."

"वाढवता म्हणजे पाणी ओतून नाही," कोल्हापूरकर लगेच म्हणाला. "मटण शिजलेलं अळणी पाणी आधीच भरपूर काढलेलं असतं. त्यातून तांबडा आणि पांढरा दोन्ही निघतात. पांढऱ्याला खसखस, तीळ, काजू यांचं वाटण, अख्खा गरम मसाला आणि नारळाचं दूध. हळद नाही, लाल तिखट नाही. नारळाचं दूध घातल्यावर आच मोठी ठेवली की फुटलाच. वर पाणी, खाली चोथा. मंद आच, पळी सतत फिरती, आणि उकळी यायच्या आत खाली. परत गरम करतानाही तेच. लग्नघरात शेवटच्या पंगतीला फुटलेला रस्सा येतो तो याचमुळे, कुणीतरी घाईत मोठ्या जाळावर चढवलेला असतो."

नारळाचं दूध निघाल्यावर अलिबागकर सरसावून बसला. "नारळाच्या दुधावरून एक सांगतो. आमच्या बाजूला बेने इस्रायली घरं होती, काही अजून आहेत. मराठी बोलणारे ज्यू. आडनावं गावांवरून, नवगावकर, रोहेकर अशी. तेलाच्या घाण्याचा धंदा आणि शनिवारी काम बंद, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. त्यांच्या घरी जेवायला गेलेल्याची हमखास चूक काय होते माहितीये? मटण झालं की तो दही मागतो."

"मग? मटणाबरोबर दही-कांदा घेतातच की," पुणेकर.

"त्यांच्यात मांस आणि दूध एका जेवणात चालत नाही. दही नाही, रायतं नाही, तूप नाही, शेवटी खीर नाही. मटण झाल्यावर दुधाचा चहासुद्धा नाही. पाळणाऱ्या घरात चहा आलाच तर कोरा. पाहुण्याला वाटतं, एवढा खर्च केला आणि चहात दुधाला कंजुषी! पण कोकणात असल्याने त्यांनी वाट काढली. जिथे दूध हवं तिथे नारळाचं दूध. मटणाच्या रश्शात तेच, गोडातही तेच. त्यांच्या नव्या वर्षाच्या सणाला चिकाचा हलवा होतो. कुरडयांसाठी गव्हाचा चीक काढतो ना, तोच. त्यात नारळाचं दूध आणि साखर, आणि हात भरून येईपर्यंत ढवळायचं. ढवळणं थांबलं की तळाला लागतो आणि गुठळ्या होतात. नारळाच्या दुधामुळे तो मटणाच्या जेवणानंतरही चालतो."

"आणि मासे?"

"खवले आणि कल्ले... नाही, चुकलो, खवले आणि पर, दोन्ही असलेले मासेच. म्हणजे अलिबागेत राहून कोळंबी नाही, खेकडा नाही, तिसऱ्यांसारख्या शिंपल्या नाहीत. भेट म्हणून ताजी कोळंबी घेऊन गेलात तर यजमानाची पंचाईत. आणि मलिदा म्हटलं की तू आपला तूप-गुळाचा मलिदा समजशील. त्यांचा भिजवलेल्या पोह्यांचा असतो. ओला नारळ, गोड, वेलची, सुकामेवा, बाजूने फळं. एलियाहू हन्नबी, म्हणजे त्यांचा प्रेषित, त्याच्या नावाने प्रार्थना होते आणि मग तो वाटतात. प्रार्थनेआधी ताटातलं उचलायचं नाही, एवढं पाहुण्याने ध्यानात ठेवलं की झालं."

पुणेकराचा आवाज आता जरा खाली आला होता. तरी त्याने शेवटचं अस्त्र काढलं. "हे सगळं मान्य. पण एकाच ताटात आठ जण हात घालतात त्याचं काय? बोहरी लोकांचा तो थाळ."

इथे ताई बोलली, आणि ताई बोलते तेव्हा हिशेबानेच बोलते.

"आधी बसायची रीत ऐक. खाली कापड, त्यावर कडं, कड्यावर मोठा थाळ, भोवती साधारण आठ माणसं. डोकं झाकलेलं. जागेवरच लोटा-चिलमची, म्हणजे पाण्याचा तांब्या आणि हात धुवायचं पसरट भांडं, फिरते, सगळ्यांचे हात सगळ्यांसमोर धुतले जातात. तुझ्या बुफेत कोण हात धुऊन आलाय ते कळतं का? मग चिमूटभर मीठ चाखून सुरुवात. पुढे गोड, मग खारं, पुन्हा गोड, पुन्हा खारं. शेवटी परत मीठ. प्रत्येकाने आपल्या समोरचंच घ्यायचं, पलीकडे हात टाकायचा नाही. आणि दाणा टाकायचा नाही."

"गोड आधी?"

"आधी. आणि पाहुण्याची फजिती तिथेच होते. त्याला वाटतं जेवण संपलं की काय, नाही तर तो गोडावरच पोट भरतो आणि बिर्याणी आली की बसून राहतो. पहिल्या फेरीला दोन घास, बस. आता केटरिंगच्या बाजूने बघ. तिथे ऑर्डर माणसांवर नसते, थाळावर असते. दोनशे माणसं म्हणजे पंचवीस थाळ. तुकडे आठच्या पटीत. सहाच माणसं बसली तरी थाळ आठांचाच जातो, म्हणून थाळ भरेपर्यंत बसवत नाहीत. पाहुण्याने 'मी मागून बसतो' म्हटलं की सगळं गणित बिघडतं."

"म्हणजे आग्रह नाही?" कोल्हापूरकराला हे खटकलं.

"गरजच नाही. अन्न मधोमध आहे, ज्याला हवं तो घेतो. कुणाच्याही वेगळ्या ताटात काही उरत नाही. आपल्या पंगतीत काय होतं? वाढपी पुढे येतो, पाहुणा हात आडवा धरतो, वाढपी बोटांच्या फटीतून जिलबी सोडतो. ती उष्टी टाकली जाते. मला सगळ्यांच्या रीतींची कारणं पटली. तेलाचं पटलं, कोऱ्या चहाचं पटलं. आपल्या आग्रहाचं कारण मात्र मला कुणी सांगा."

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग कोल्हापूरकर म्हणाला, "पाहुणा लाजतो. दुसऱ्यांदा मागत नाही. म्हणून आग्रह."

"पहिला आग्रह त्यासाठी. तिसरा कशासाठी? तिसऱ्या आग्रहाची जिलबी कुणाच्या वाटणीची असते सांगू? शेवटच्या पंगतीची. तिथे घरच्या बायका बसतात. मसालेभाताची खरवड, आमटीचा तळ आणि कोशिंबिरीचं सुटलेलं पाणी. ज्या घरात शहाणपण आहे तिथे स्वयंपाक झाल्या झाल्या, पहिली पंगत बसायच्या आधी, एक डबा बाजूला काढतात. भात, भाजी, गोड, प्रत्येकातलं. आणि तो वाढप्याच्या नजरेआड ठेवतात. समोर ठेवला तर तोही आग्रहात जातो."

"आमच्याकडे डबा काढतात," जळगावकर म्हणाला.

"काढतात. आणि बट्टी संपली की तोच उघडतात," ताई म्हणाली.

यावर जळगावकराने प्रतिवाद केला नाही. कोल्हापूरकर मात्र म्हणत राहिला की आग्रह गेला तर पंगत आणि खानावळ यांत फरक काय, आणि ताई म्हणत राहिली की खानावळीत निदान सगळ्यांना गरम मिळतं. त्यावर काही तोड निघाली नाही. अलिबागकराने मध्येच सिंधी घरातल्या पापडाचा विषय काढायचा प्रयत्न केला. उल्हासनगरात दारात पाऊल टाकलं की चहाआधी पाणी आणि भाजलेला उडदाचा मिरी-पापड पुढे येतो, तो नाही म्हणायचा नसतो, आणि पावसाळ्यात तो भाजल्या भाजल्या मोडायचा, पाच मिनिटांत सादळतो, इतकंच तो सांगू शकला. मराठवाड्यात गूळ-पाणी देतात तेच हे, असं नागपूरकराने म्हटलं आणि ते तिथेच राहिलं.

उठता उठता पुणेकराने नागपूरकराला बाजूला घेतलं.

"चार माणसांच्या वडाभाताला तेल किती लागेल?"

"ताटाला दोन मोठे चमचे धर. तळून उरलेलं वापरू नकोस, त्यात पिठाचे काळे कण असतात. नवीन घे."

"आणि वडा मी कुस्करून वाढू की पाहुण्याला कुस्करू देऊ?"

"अख्खा वाढ. हात त्याचा त्याला घालू दे. पण तेलाची पळी तुझ्याच हातात ठेव."