डोंगर दिवसा चढा की राव!

थंडी पडली की व्हॉट्सअॅपवर ट्रेकच्या जाहिरातींचा पाऊस सुरू होतो. साचा ठरलेला. रात्री बस, पहाटे दोन-तीनला चढाई, माथ्यावर सूर्योदय, खाली येऊन पोहे आणि परत. कळसूबाईच्या शिड्यांवर तर शनिवारी रात्री हेडलॅम्पची रांग लागते. जाणाऱ्यांनी खुशाल जावं. पण माझं मत विचाराल तर (कुणी विचारलेलं नाही, तरी सांगतो) हिवाळ्यात डोंगर चढावा तो उन्हातच.

डिसेंबरात आम्ही मित्रमंडळी साल्हेरला गेलो होतो. नाशिक जिल्ह्यातल्या बागलाणातला, गुजरातच्या डांग जिल्ह्याला खेटून असलेला हा राज्यातला सर्वांत उंच किल्ला. उंची १५६७ मीटर, म्हणजे फक्त कळसूबाई त्याच्या वर. सटाणा, ताहराबाद, मुल्हेर करत वाघांबे गाठलं तेव्हा शिवारात कांद्याची लागवड चालली होती. वाफ्यात ओणव्या झालेल्या एका आजींनी मान वर न करताच बजावलं, "पाणी इथूनच भरून न्या रे, वरच्या तळ्याचं पिऊ नका."

साल्हेर आणि शेजारच्या सालोटा किल्ल्याच्या मधल्या खिंडीपर्यंतची चढण चांगलीच घाम काढते. सावलीत कानटोपी लागते, वळणावर ऊन आलं की स्वेटर कमरेला. गुडघाभर वाळलेलं गवत आणि त्याची कुसळं! मोज्यात अशी घुसतात की काढायला दर थोड्या वेळानं बसावं लागतं. आमच्यातल्या एकानं शेवटी मोजेच काढून टाकले आणि वर पोचेपर्यंत पश्चात्ताप केला.

खिंडीतून कातळात कोरलेल्या पायऱ्या लागतात. कडा झिजून गुळगुळीत झालेल्या, वर गवताचा भुसा, त्यामुळे पाऊल आडवं टाकावं लागतं. अंधारात दरी दिसत नाही म्हणून भीती वाटत नाही, असं रात्रवाले म्हणतात. अहो, दरी दिसते म्हणूनच पाय जपून पडतो!

आणि खरी गंमत पुढेच आहे. दरवाजे, कड्यात कोरलेल्या गुहांची ओळ, मग गंगासागर तलावाचं पठार. इथून खालचा मुलूख नीट वाचता येतो. १६७२ मध्ये मुघल सरदार इखलासखान आणि बहलोलखान यांनी या गडाला वेढा घातला, शिवाजी महाराजांचे मोरोपंत पिंगळे आणि प्रतापराव गुजर फौजा घेऊन धावून आले आणि उघड्या मैदानात मुघलांचा मोड झाला. मराठ्यांचे सूर्यराव काकडे इथेच पडले. वेढा कुठे असेल, घोडदळ कुठून आलं असेल यावर आमचा भाकरी खाता खाता कडाक्याचा वाद झाला. समोर मैदान दिसत असल्याशिवाय असा वाद घालायला मजा नाही.

माथ्यावर परशुरामाचं लहानसं देऊळ आहे. त्यानं इथूनच बाण सोडून समुद्र मागे हटवला म्हणतात. आम्ही पश्चिमेला डोळे ताणून पाहिलं. धुरकट हवेत समुद्र काही सापडला नाही. पण सालोटा अगदी पायाशी, पलीकडे हरगड आणि मुल्हेर हे किल्ले, आणि मांगी-तुंगीचे सुळके.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत जे बारा किल्ले गेले, त्यात साल्हेर आहे. आनंदच आहे. पण आता इथेही 'सनराइज स्पेशल' बसगाड्या येणार, ही धास्ती आहेच. गुहांतल्या वटवाघळांनी तरी कुठे जायचं?

दिवस मात्र लहान असतो, सहाच्या सुमारास सूर्य बुडतो. उजाडताच निघा आणि दोनला माथा सोडा, म्हणजे त्या पायऱ्या उजेडात उतरून होतात. जानेवारीत आम्ही मुल्हेर-हरगड करणार आहोत. यायचं असेल तर इनबॉक्स करा, फक्त रात्रीचा हट्ट धरू नका.