हिफेस्टस एका ओळीत उरकण्यासारखा नाही

ग्रीक देवांवरचा तुमचा लेख आवडला, पण त्यात अग्नी आणि लोहारकामाचा देव हिफेस्टस याला 'देवांमधला लंगडा, हास्यास्पद लोहार' म्हणून एका ओळीत उरकलंय, ते मनाला लागलं. होमरच्या 'इलियड' या महाकाव्याच्या पहिल्या सर्गात तो धापा टाकत अमृत वाढतो आणि देव खदाखदा हसतात, हे खरं. पण त्याआधी देवांचा राजा झ्यूस आणि त्याची बायको हेरा यांचं भांडण विकोपाला गेलेलं असतं आणि आपल्या आईची, हेराची समजूत काढायला उठतो तो हाच!

खरा हिफेस्टस 18व्या सर्गात भेटतो. समुद्रदेवी थेटिस आपल्या मुलासाठी, योद्धा अकिलीससाठी चिलखत मागायला येते, तेव्हा हा घामाघूम होऊन भात्यांशी राबतोय. ती आल्याचं कळताच हत्यारं चांदीच्या पेटीत ठेवतो, स्पंजने तोंड, हात, मान, केसाळ छाती पुसतो आणि मगच काठी टेकत बाहेर येतो. किती माणसासारखं आहे हे! आईने टाकून दिल्यावर याच थेटिसने त्याला 9 वर्षं समुद्रातल्या गुहेत सांभाळलेलं, ते तो विसरलेला नाही. आणि अकिलीसच्या ढालीवर लढाईसोबत काय काय कोरतो? नांगरट, द्राक्षांची तोडणी, हात धरून नाचणारी पोरं-पोरी. त्या ढालीवर स्वतंत्र लेख लिहाच, वाट बघतोय.