गेममधला टोमणा नियमात असतो

निवडणूक आली की प्ले स्टोअरवर पुढाऱ्यांचे चेहरे चिकटवलेले गेम उगवतात. एक पुढारी पळतो, नाणी गोळा करतो, दुसऱ्यावर चप्पल फेकतो. पुढच्या निवडणुकीत चेहरे बदलतात, गेम तोच राहतो. याला राजकीय व्यंग म्हणायला माझा साफ विरोध आहे. स्ट्रॅटेजी गेममध्ये टोमणा मारायचा असेल तर तो नियमात मारावा लागतो. कशाला किती पैसे पडतात, काय केल्याने काय वाढतं, खेळणाऱ्यावर नको ते बटण दाबायची पाळी कधी येते, सगळी गंमत तिथे आहे. आणि हे काम चोख केलंय ते एकट्यादुकट्या लोकांनी, तेही फुकट.

सगळ्यात छोटा नमुना उरुग्वेच्या गोन्झालो फ्रास्काचा, २००३ मधला 'सप्टेंबर ट्वेल्थ'. पडद्यावर मध्यपूर्वेतलं एक गाव. बाजारात सामान्य माणसं आणि त्यांच्यातच फिरणारे काही अतिरेकी. तुमच्याकडे फक्त क्षेपणास्त्र. क्लिक केल्यावर ते पोचायला थोडा वेळ लागतो, तेवढ्यात माणसं हललेली असतात. निरपराध मेले की आजूबाजूचे जमतात, रडतात आणि त्यांच्यातलेच काही अतिरेकी होतात. जिंकायची सोयच नाही. पाच मिनिटांत अख्खं परराष्ट्र धोरण कळतं, आणि भाषणाचं एक वाक्य नाही. त्या गेमचा सगळा जीव क्लिक आणि स्फोट यांच्यामधल्या उशिरात आहे. तो उशीर काढून टाकला तर उरेल नुसता नेमबाजीचा गेम.

यापेक्षा पसरट आणि पोटभर काम इटलीच्या पाओलो पेदेर्चिनीचं. 'मोलेइंदुस्त्रिया' या नावाने तो गेम काढतो. २००६ चा 'मॅकडोनाल्ड्स व्हिडिओ गेम' आजही शिकण्यासारखा आहे. चार ठिकाणं एकाच वेळी सांभाळायची: कुरण आणि सोयाबीनची शेतं, गुरं लठ्ठ करायचा गोठा आणि कत्तलखाना, रेस्टॉरंट, मुख्यालय. नवखा माणूस पहिल्यांदा इथे बुडतो तो ठराविक पद्धतीने. मुख्यालयात जाऊन जाहिरात लावतो, गिऱ्हाईक वाढतं, पण गुरं मोठी व्हायला वेळ लागतो. रांग लागते, मांस संपतं, नोकरांचे पगार मात्र चालूच. म्हणून आधी जमीन, मग गुरं, मग काउंटरवर माणसं, आणि जाहिरात सगळ्यात शेवटी. दुसरा खड्डा जमिनीचा. त्याच तुकड्यावर सतत पीक आणि गुरं घेतली की तो निकामी होतो. मग जंगल तोडायचा पर्याय समोर दिसतो, आणि त्यासाठी कुणाचे हात ओले करायचे तेही. तिसरी गोष्ट गोठ्यातली. आजारी गाय वेळेवर बाजूला काढली नाही तर रोगाचं लचांड मागे लागतं, पण बाजूला काढली की तेवढं मांस गेलं. इथे प्रत्येक 'चांगल्या' निर्णयाची किंमत आकड्यात दिसते, वाईट निर्णयाची किंमत मात्र उशिरा आणि दुसऱ्याच खिडकीत दिसते. खरा टोमणा हाच. तोंडावर हसू असलेला जोकर आणि लाचखाऊ तज्ज्ञ ही वरची सजावट.

एक तक्रार आहे. आकडे पेदेर्चिनीनेच लावलेत. सचोटीने खेळलं तर दिवाळं निघतं हे त्याने सिद्ध केलेलं नाही, ठरवलेलं आहे. खेळणारा म्हणू शकतो, 'तूच दार बंद केलंस, आता मला कसलं शिकवतोस?' दोन वर्षांनी, २००८ मध्ये आलेला त्याचाच 'ऑइलिगार्की' म्हणून मला जास्त पटतो. १९४६ पासून तेल कंपनी चालवायची. टेक्सास, अलास्का, व्हेनेझुएला, नायजेरिया, इराक, आणि या सगळ्यांची गुरुकिल्ली असलेलं वॉशिंग्टन. दर चार वर्षांनी निवडणूक, आणि पैसे दोन्ही पक्षांना देता येतात. इथे पाया लेखकाच्या मर्जीचा नाही, भूगर्भशास्त्रज्ञ एम. किंग हबर्टचा आहे. त्याने १९५६ मध्ये मांडलं की तेलाचं उत्पादन शिखर गाठून उतरणीला लागतं. सुरुवातीला सोपं तेल, मग अवघड तेल, मागणी मात्र चढतीच. त्या वक्ररेषेवर बसलेला गेम मुद्दाम हरवतोय असं वाटत नाही. जगाला तेलाचं किती व्यसन लावून ठेवलंत त्यावर शेवट बदलतात.

बातम्यांशी संबंध असलेल्यांनी तर लुकस पोपचा 'रिपब्लिया टाइम्स' चुकवूच नये. एप्रिल २०१२ मध्ये 'लुडम डेअर' या झटपट गेम करायच्या स्पर्धेसाठी बनवलेला. तुम्ही सरकारी पेपरचे संपादक. बायको आणि मूल सरकारच्या ताब्यात, अर्थात त्यांच्या 'सुरक्षिततेसाठी'. बातम्या येत राहतात, त्या उचलून पानावर लावायच्या: लहान, मध्यम की मोठी. मोजमाप फक्त दोन, निष्ठा आणि वाचक. सरकारची स्तुती लावली की निष्ठा वाढते, पण नुसती स्तुती कोण वाचतो? खेळ, हवामान, नटनट्यांची लग्नं लावली की वाचक येतात. पानाची जागा मर्यादित आणि घड्याळ चालू. जमवायची रीत अशी: सरकारच्या सोयीची बातमी मोठी, चटकदार बातम्या लहान करून भोवती, आणि दुपारसाठी थोडी जागा राखून, कारण कामाची बातमी बरेचदा उशिरा येते. पहिल्या घटकेला पान भरलं की अडकलात. पुढे बंडखोर बातम्यांच्याच वाटेने निरोप धाडतात. ते सत्तेत आल्यावर काय होतं ते स्वतः बघा, सांगून मजा घालवत नाही. दोन आकडे आणि एक पान, एवढ्यावर पोपने जे साधलं ते मोठमोठ्या स्टुडिओंना जमत नाही.

यातले बरेच मुळात फ्लॅशवरचे, म्हणजे ब्राउझरमध्ये गेम चालवायच्या जुन्या तंत्रावरचे. अडोबीने ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅश बंद केलं, त्यामुळे जुन्या लिंकवर कोरी चौकट दिसते. ब्राउझरला फ्लॅशचे गेम चालवणारं 'रफल' हे एक्स्टेन्शन लावा, फुकट आहे. अॅक्शनस्क्रिप्ट या फ्लॅशच्या भाषेच्या जुन्या आवृत्त्यांमधले गेम त्यात छान चालतात. तिसऱ्या आवृत्तीचे काही अडखळतात. ते नाही चालले तर 'फ्लॅशपॉइंट' संग्रह, त्यातली 'इन्फिनिटी' आवृत्ती घ्या. ती लागेल तोच गेम उतरवते. 'अल्टिमेट'च्या वाटेला जाऊ नका, ती टेराबाइटच्या पुढे जाते.

आता मराठीत असं काही करायचं झालं तर कच्चा माल तयार आहे. विधानसभेत २८८ जागा, बहुमताला १४५. घटनेतली पक्षांतरबंदीची दहावी अनुसूची १९८५ ची. एक तृतीयांश फुटीची सवलत २००३ च्या घटनादुरुस्तीने गेली, विलीनीकरणासाठी दोन तृतीयांशची अट राहिली. समजा पक्षाचे ५४ आमदार. ३५ फोडले तर सगळ्यांवर अपात्रतेची टांगती तलवार, ३६ वा आला की विलीनीकरणाची वाट मोकळी. त्या एका आमदाराचा भाव काय असेल, हे गेमला वेगळं सांगावंच लागणार नाही, खेळणाराच हॉटेलच्या खोल्या बुक करू लागेल. वर अपात्रता ठरवणाऱ्या विधानसभा अध्यक्षांचं घड्याळ. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये साधारण तीन महिने म्हटलं, पण अनुसूचीत निर्णयाची मुदतच लिहिलेली नाही. म्हणजे गेममध्ये ते घड्याळ दाखवायचं, पण काटे लावायचे नाहीत. पक्षांची नावं काल्पनिक ठेवा. खरी घातली की लोक नियम सोडून आपला माणूस जिंकतोय का एवढंच बघतात.

आधी एक्सेलमध्ये खेळून बघा. आकडे तीनच ठेवा, उदाहरणार्थ पैसा, आमदार, जनतेचा राग. मग तीन तऱ्हांनी वीस-वीस फेऱ्या: लोभी, सरळमार्गी, आणि फासे टाकून. एकच बटण दाबत राहून जिंकता येत असेल तर गेम मोडलाय. तिन्ही तऱ्हांचा निकाल सारखाच लागत असेल तर तुम्ही प्रवचन लिहिलंय.

साधन म्हणून 'ट्वाइन' घ्या. ते फुकट आहे आणि शेवटी एकच एचटीएमएल फाइल देतं, त्यामुळे अक्षरं ब्राउझर जुळवतो आणि मराठी नीट दिसतं. युनिटी या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये अक्षरं दाखवणाऱ्या 'टेक्स्टमेशप्रो'मध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडे न बसता उजवीकडे जाऊन बसते आणि जोडाक्षरं फुटतात, कारण देवनागरीची जुळणी त्यात मुळातच नाही. गोडो हे तसलंच दुसरं सॉफ्टवेअर आवडत असेल तर चौथी आवृत्ती किंवा पुढचीच, तिसरीत हाच घोळ होता. फाँटची फाइल गेमसोबतच द्या, दुसऱ्याच्या फोनवर तो असेल असं धरू नका. गेम नेटवर चढवायला 'इच' ही साइट बरी. तिथे अपलोड करताना ब्राउझरमध्ये खेळायचा पर्याय टिक करायला विसरलात तर लोकांना नुसती डाउनलोडची फाइल दिसते. आणि चित्रांच्या फाइलनावात इंग्रजी लहान-मोठी अक्षरं सगळीकडे सारखी ठेवा. विंडोजवर फरक पडत नाही, सर्व्हरवर पडतो, आणि मुख्यमंत्र्याच्या जागी तुटकं चित्र दिसतं.