सबवे चालू आहे का?

जून लागला की आमच्या अंधेरीत कोणी कोणाला "काय, कसं काय?" विचारत नाही. "सबवे चालू आहे का?" एवढंच विचारतात.

रस्ता रुळांखालून काढला की फाटक नको, सिग्नल नको, कोणी कोणासाठी खोळंबायला नको. कल्पना झकासच आहे, पण ती पाण्यालाही पटलीये. दोन्हीकडून उतार, मधे खोलगट भाग आणि जवळच मोगरा नाला. तासभर पाऊस कोसळला आणि त्यात समुद्राला साडेचार मीटरवरची भरती आली, की नाला पाणी पुढे न्यायचं सोडून आल्या वाटेनं परत धाडतो. पंप घुरघुरत असतात. त्यांनी उपसलेलं पाणी जरा हिंडून पुन्हा खाली उतरतं, असा माझा जुना संशय आहे.

परवा रिक्षावाल्याला "पश्चिमेला" म्हटलं, तर त्यानं आधी आभाळाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "सायेब, दोरी लागली आसंल." लागलीच होती. रेनकोटातला हवालदार शिट्टी तोंडात तशीच ठेवून नुसता हात फिरवत होता: मागे, मागे. मागे कुठे? मागे अख्खी पूर्व अंधेरी उभी! एवढ्यात एक स्कूटरवाला "हॅ, घोट्याएवढं तर आहे!" म्हणत दोरीखालून घुसला आणि थोड्या वेळानं स्कूटर ढकलत, चपला हँडलला अडकवून परत आला. हवालदार चकार शब्द बोलला नाही. त्याच्यासाठी दोरी तेवढी अदबीनं उचलून धरली.

पर्याय म्हणजे रुळांवरून जाणारा गोखले पूल. नोव्हेंबर २०२२ मध्ये तो बंद झाला आणि सगळा भार सबवेवर आला. फेब्रुवारी २०२४ मध्ये एक बाजू उघडली, तर पूल शेजारच्या बर्फीवाला उड्डाणपुलापेक्षा चांगलाच उंच निघाला. शेवटी बर्फीवाला जॅक लावून वर उचलला, तेव्हा कुठे दोघांची गाठ पडली. आमचं नशीबच असं! खालून जावं तर पाणी वर येतं, वरून जावं तर पूल खाली राहतो.

"पार्ल्यावरून घेऊ का जोगेश्वरीवरून?" रिक्षावाल्यानं विचारलं. जागचं हलताच येत नव्हतं, त्यामुळे हा प्रश्न निव्वळ तात्त्विक होता. मीटर मात्र पळत होतं.

तेवढ्यात साहेबांचा फोन. "कुठे आहात?"

"सबवेच्या तोंडाशी, सर."

"शाळेच्या बसच्या पुढे की मागे?"

दहाची मीटिंग मग साहेबांच्या गाडीतच झाली. पहिला विषय होता, कर्मचाऱ्यांचा वक्तशीरपणा.