एका थेंबात 50 आजार, आणि वर मोबाईलची टॉर्च

‘एक थेंब रक्त, 15 मिनिटं, 50 आजार! अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांची चमकणाऱ्या नॅनोकणांची पट्टी, 1000 पट अचूक. कॅन्सर असो की हार्ट अटॅक, टॉर्चखाली रेघ बघा. रेघ नाही तर दवाखाना नाही! लॅबवाले हे लपवतात. घरपोच किटसाठी फोन करा.’

बीड-परभणीकडच्या ग्रुपांवर हा मेसेज फिरतोय. मी लॅबवाला, म्हणून मलाही लोक खोचक स्मायली टाकून पाठवतात. हसून सोडून देत होतो. मग गेवराईहून दाजींचा फोन आला, “छातीत जड वाटायलंय रे, ती चमकणारी पट्टी मागवू का आधी?” त्यांना आधी ईसीजीला पाठवलं आणि मग हे लिहायला बसलो.

‘रेघ नाही तर दवाखाना नाही’ हे वाक्य माणूस मारेल, म्हणून त्याच्यापासूनच सुरुवात. हृदयाच्या स्नायूच्या पेशी मरायला लागल्या की त्यांच्यातलं ट्रोपोनिन हे प्रथिन रक्तात झिरपतं, आणि पट्टी तेच पकडते. पण झिरपायला वेळ लागतो. साध्या किटला ते दिसेपर्यंत तीन-चार तास सहज जातात. कळ आल्यावर अर्ध्या तासात पट्टी लावली तर कण कितीही चमकोत, जे रक्तात अजून उतरलंच नाही ते दिसणार कुठून? म्हणून तर मोठ्या हॉस्पिटलातही ट्रोपोनिन काही तासांच्या अंतरानं पुन्हा काढतात. दाजींचंही दोनदा काढलं. पहिलं नॉर्मल आलं म्हणून कुणी त्यांना घरी पाठवलं नाही. शिवाय अटॅकच्या आधीच्या धोक्याच्या टप्प्यावर, रक्तवाहिनी अरुंद होऊन कळा येत असतानाही, ट्रोपोनिन नॉर्मल राहू शकतं. छातीत दुखणारा माणूस दवाखान्यात पोचला की 10 मिनिटांच्या आत ईसीजी व्हावा, असा नियम आहे. ईसीजीत मोठा अटॅक दिसला तर डॉक्टर रक्ताच्या रिपोर्टसाठी थांबत नाहीत. आणि हे म्हणतात, टॉर्च लावून घरी बसा! 108 ला फोन लावा, पट्टी गेली चुलीत.

आता ‘1000 पट अचूक’. हा आकडा हवेतला नाही, एवढं कबूल करावं लागेल. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात श्रीकांत सिंगमनेनी आणि सहकाऱ्यांनी सोन्याच्या सूक्ष्म कांड्यांवर चमकणारे रेणू बसवून पट्टी केली. 2023 मध्ये ‘नेचर बायोमेडिकल इंजिनिअरिंग’मध्ये ते काम छापून आलं. साध्या पट्ट्या लॅबमधल्या चाचण्यांपेक्षा जवळपास 1000 पट कमी संवेदनशील असतात, हे त्यात पहिल्याच वाक्यात आहे. यांच्या पट्टीनं 20 मिनिटांत एलायझा या लॅबमधल्या चार तासांच्या चाचणीलाही मागं टाकलं, तिच्यापेक्षा सुमारे 30 पट कमी प्रमाण पकडलं. काम जबरदस्तच आहे. पण तपासलं काय? कोविडचे अँटिजेन-अँटिबॉडी आणि इंटरल्यूकिन-6 हे सूज आली की वाढणारं प्रथिन. वाचलं कशावर? स्कॅनरवर. त्यात कॅन्सर कुठंच नाही. आणि कमी प्रमाण पकडणं म्हणजे अचूक असणं नव्हे. त्याच लेखात कोविड रुग्णांसाठी 95 टक्के संवेदनशीलता दिलीय, म्हणजे शंभरातले पाच निसटतात.

कॅन्सरचं तर विचारूच नका. कॅन्सरची खूण म्हणून रक्तात पीएसए, सीईए अशी प्रथिनं बघतात. पण पीएसए प्रोस्टेट ग्रंथी नुसती सुजली तरी वाढतं, सीईए बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांत वाढलेलं सापडतं. गाठीचा तुकडा तपासल्याशिवाय बहुतेक कॅन्सरचं निदान पक्कं होत नाही. समजा, 1000 जणांचं शिबिर घेतलं, त्यांत खरे रुग्ण 5, आणि पट्टी शंभर निरोग्यांतल्या पाचांना चुकून धरते. म्हणजे 50 च्या आसपास धडधाकट माणसं शेत गहाण ठेवून मोठ्या शहरात तपासण्या करत फिरणार.

टॉर्चवाला मुद्दा वाचून तर मी कपाळावर हात मारला. गरोदरपणाच्या पट्टीवरची लालसर रेघ डोळ्यांना दिसते, कारण अशा साध्या पट्ट्यांत सहसा सोन्याचे कण असतात. चमकणाऱ्या बऱ्याच किटांत युरोपियम भरलेले कण असतात. ते अतिनील प्रकाशात लाल उजेड सोडतात, आणि मशीन बाकी सगळा प्रकाश गाळून तेवढाच मोजतं. पांढऱ्या धोतरावरचा फिकट डाग शोधणं वेगळं आणि अंधारात पेटलेली बिडी दिसणं वेगळं, ताकद तिथं आहे. मोबाईलच्या टॉर्चमध्ये अतिनील नावालाच, वर तिचाच झगझगाट. माझ्याकडे मोजून घेतलेलं रक्त बफर नावाच्या द्रावणात मिसळून पट्टीच्या कार्डावर टाकायचं, त्या लॉटची, म्हणजे किटांच्या त्याच खेपेची, चिप मशीनला लावायची, 15 मिनिटांनी कार्ड आत सरकवायचं, मग आकडा येतो. चिप दुसऱ्या लॉटची लावली तर त्या आकड्याला काही अर्थ नाही.

50 आजारांचं म्हणाल तर प्रत्येक रेघेला तिचं प्रथिन पकडणारी वेगळी अँटिबॉडी लागते. बोटभर पट्टीवर अशा किती रेघा बसवणार?

आणि लपवतंय कोण? अशी चमक मोजणारी फ्लोरोसन्सची मशीन तालुक्याच्या लॅबांत टेबलावर उघडी पडलेली असते. हां, काही लॅबवाले नको ती ‘फुल बॉडी’ पॅकेजं माथी मारतात, तो राग रास्त आहे.

राहिलं घरपोच किट. अशा किटांच्या खोक्यावर बहुधा 2 ते 30 अंशांत ठेवा असं लिहिलेलं असतं. परभणीत मे महिन्यात पारा 42 च्या वर जातो, आणि हे पार्सल टेम्पोत तापत येणार. मी त्या नंबरवर फोन लावून लॉट नंबर आणि परवाना क्रमांक विचारला.

“भाऊ, घ्यायचं का नाही तेवढं सांगा,” म्हणाला आणि फोन ठेवला.