‘तिरंगा’ नावाचा विषाणूच नाही

टोमॅटोचे प्लॉट बसू लागले की व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतो: ‘तिरंगा व्हायरस हा नवा विषाणू आहे. तो खराब बियाण्यातून येतो, अमुक औषधाच्या फवारणीने जातो, आणि असा टोमॅटो खाल्ला तर माणसालाही होतो.’ हे वाचून पैसा औषधावर जातो आणि गिऱ्हाईक टोमॅटोला हात लावत नाही, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘नवा विषाणू.’ तिरंगा हे लक्षणाचं नाव आहे. फळ नीट पिकत नाही, लाल, पिवळे, हिरवे पट्टे तसेच राहतात. कडक ऊन आणि पालाशची कमतरता यांनीही रंग असाच बिघडतो. 2020 च्या उन्हाळी हंगामात जुन्नर, संगमनेर, अकोले पट्ट्यात हे मोठ्या प्रमाणावर झालं. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेतल्या तपासणीत प्रामुख्याने काकडीवरचा मोझॅक विषाणू सापडला, आणि जोडीला इतरही विषाणू होते.

खरा घात या जोडीतच आहे, आणि मेसेजमध्ये नेमकं तेच नसतं. झाड मुकाट्याने बळी पडत नाही. घुसलेल्या विषाणूच्या आरएनएचे, म्हणजे त्याच्या जनुकीय द्रव्याचे, ते तुकडे करतं. काकडीच्या मोझॅक विषाणूजवळ ही कातरी बोथट करणारं प्रथिन असतं. एकाने वाट मोकळी केली की दुसराही मोकाट वाढू शकतो. रोचो आणि रॉस या शास्त्रज्ञांनी 1955 साली तंबाखूच्या रोपांवर दाखवलं, की बटाट्याचा वाय विषाणू सोबत असला तर बटाट्याच्याच एक्स विषाणूचं प्रमाण दहापटीपर्यंत जातं. म्हणून एकट्या विषाणूला तग धरणारा प्लॉट दोघांपुढे आडवा होऊ शकतो. प्रत्येक जोडी अशीच वागते असं मात्र नाही. काही विषाणू एकमेकांना रोखतातही.

‘फवारणीने जातो.’ झाडात शिरलेला विषाणू मारणारं औषध बाजारात नाही. कीटकनाशक कीड मारतं, पण मावा काही सेकंद सोंड खुपसून काकडीचा मोझॅक देऊन जातो, औषधाने मरतो तो नंतर. फुलकिडे आणि पांढरी माशी यांची तऱ्हा आणखी वेगळी. रोपवाटिकेची बारीक जाळी आणि लागवडीनंतरचं क्रॉप कव्हर हा खर्च आधी करा.

‘बियाण्यातून येतो.’ टोमॅटो मोझॅक हा वेगळा विषाणू बियाण्यावरून येतो, हे खरं. पण शेंडेमर (शेंडा वाळवणारा विषाणूरोग) फुलकिड्यांतून येते, पर्णगुच्छ (पानं आकसवणारा विषाणूरोग) पांढऱ्या माशीतून. संपलेला जुना प्लॉट शेजारी उभा ठेवून नवी लागवड केली, तर कितीही चांगलं बियाणं उपयोगाचं नाही.

‘माणसाला होतो.’ नाही. वनस्पतींचे हे विषाणू माणसाच्या पेशीत वाढत नाहीत. ढोबळी मिरचीवरचा एक विषाणू निरोगी माणसांच्या विष्ठेत इतका सर्रास सापडतो, की त्यावरून पाण्यात सांडपाणी मिसळलंय का ते तपासतात.

प्लॉटवर लक्षणं दिसली तर नमुना देताना एकाच विषाणूच्या चाचणीवर थांबू नका. मावा, फुलकिडे आणि पांढरी माशी, तिन्हींतून येणारे विषाणू तपासायला सांगा.